माझी पुस्तकं पळसदरीला राहायला जातात

हॉलला रंग द्यायचा हे आमच्या घरात एकमतानं ठरलं. म्हणजे माझ्या बायकोनं, हर्षलानं ठरवलं, आणि मी माझं मत बनवेपर्यंत रंगारी दहिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन भिंती बडवून गेलासुद्धा. जाताना त्यानं माझ्या पुस्तकांच्या कपाटांकडे बोट दाखवलं. "हे सामान तेवढं हलवून घ्या."

सामान म्हणाला तो. मी पतपेढीत कारकून आहे, लोकांचं ऐकून घ्यायचाच पगार घेतो, पण हे मला लागलं. ज्या पुस्तकांनी मला माणूस केलं (हर्षलाच्या मते हे काम अजून अर्धवट आहे) त्यांना कुणी गाद्या आणि पिंपांच्या रांगेत बसवावं?

माझा मामा शिळफाट्याला राहायचा आणि कागदाच्या कारखान्यात कामाला होता. तिथं लगदा करायला ट्रक भरभरून रद्दी यायची. त्या ढिगात धड पुस्तक दिसलं की मामा मुकादमाला विचारून ते बाजूला काढायचा आणि माझ्यासाठी आणायचा. मला मिळालेलं पहिलं पुस्तक असंच लगद्यातून वाचलेलं, आणि मग मी वाचलेलं. एका खलाशाच्या पोराची गोष्ट, भाग पहिला. शेवटच्या पानावर गलबत फुटतं, पोरगा एका फळकुटाला धरून लाटांवर तरंगत असतो आणि खाली छापलेलं असतं, 'पुढील हकीकत दुसऱ्या भागात'. तो दुसरा भाग मामाला रद्दीत सापडेपर्यंत मी पाचवीतून सातवीत गेलो. तेवढा सगळा काळ तो पोरगा पाण्यात होता आणि मी काठावर. वाचनाचं वेड म्हणतात ते असं लागतं.

हर्षलाला ही हकीकत पाठ आहे. मी ती सुरू केली की ती कुकर लावायला उठते.

पुस्तक मी कुणाला देत नाही. हे माझं तत्त्व आहे. हर्षलाची मैत्रीण सुरेखा एकदा कादंबरी मागायला आली, तेव्हा मी तिला आमच्याच सोफ्यावर बसून वाचायला सांगितलं होतं. पंखाही लावून दिला. ती पुन्हा आली नाही, यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

तोडगा हर्षलानंच काढला. तिच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, पळसदरीला भाताच्या खाचरांशेजारी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात, तांदळाची भाकरी खातात, चिखलात उभं राहून फोटो काढतात आणि जातात. (तात्या जन्मभर त्याच चिखलात उभे होते, त्यांचा फोटो कुणी काढला नाही.) रंग वाळेपर्यंत पुस्तकं तिथं ठेवायची असं ठरलं. टेंपोवाला कमळ्या खोकी उचलता उचलता विचारत होता, ही सगळी वाचलीत का. बहुतेक सगळी, मी अभिमानानं म्हणालो. मग आता कशाला ठेवलीत, त्यानं विचारलं. याला उत्तर आहे. ते मला टेंपो वळणाआड गेल्यावर सुचलं.

रंग वाळला, नवे पडदे लागले, पण पुस्तकं आणायचा विषय काढला की हर्षलाला काहीतरी काम आठवायचं. शेवटी एका शनिवारी मी तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि पळसदरी गाठली.

दारातच पाटी होती, 'निवांत वाचन कोपरा'. माझा मेहुणा साईनाथ तिथं बुकिंग, रील आणि जेवणाचा मेनू ही तिन्ही खाती सांभाळतो. त्यानं मला न विचारता खोकी फोडून, खोल्याखोल्यांत फळ्या ठोकून माझी पुस्तकं लावली होती. आणि लावली कशी, तर नावाची बाजू भिंतीकडे आणि पानांची बाजू बाहेर. एकाही पुस्तकाचं नाव दिसेना. जन्मभराची माझी ओळखीची माणसं भिंतीकडे तोंड करून उभी केल्यासारखी दिसत होती. मी कारण विचारलं. नावं रंगीबेरंगी असतात, डोळ्यांना टोचतात, उलटी लावली की सगळं एका बदामी रंगात येतं आणि शांत वाटतं, असं त्यानं मला समजावलं. मग हवं ते पुस्तक शोधायचं कसं, मी विचारलं.

"दाजी, पण शोधतंय कोन?" साईनाथ म्हणाला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी तक्रार तात्यांकडे नेली. ते ओट्यावर बसून पाहुण्यांसाठी शेंगा निवडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जावयबापू, तुमची पुस्तकं बघून पब्लिक खूश हाय," ते म्हणाले. "तुमच्या घरी कोन खूश होतं?"

मी हर्षलाकडे बघितलं. तिला अचानक शेंगा निवडाव्याशा वाटल्या.

आता मात्र मी हट्टाला पेटलो. कमळ्याचा टेंपो बोलावून सगळी पुस्तकं आजच्या आज घरी न्यायची, आणि सुरुवात पहिल्या पुस्तकापासून. तर सासूबाईंनी चुलीपाशी बसूनच सांगितलं की ते समुद्राचं पुस्तक शेवटच्या खोलीतल्या मुलीकडे आहे, सकाळपासून सोडत नाही, जेवतानाही मांडीवर होतं. मी तडक निघालो. त्यांनी हाक मारून माझ्या हातात चहाचा ट्रे दिला आणि तिकडेच चाललाय तर एवढं द्या म्हणाल्या. (जावयाच्या हातात ट्रे देणारी ही माझ्या पाहण्यातली पहिली सासू.)

वाटेत मी वाक्य तयार केलं होतं, 'हे पुस्तक खासगी मालकीचं आहे, कृपया परत करावं.' खोलीत एक आजी पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांची नात वेणीचं टोक चावत जमिनीवर पालथी पडून वाचत होती. मी तोंड उघडणार एवढ्यात तिनं शेवटचं पान उलटलं. मागचा पुठ्ठा बघितला. पुन्हा पान उलटून बघितलं. मग पुस्तक उलटं धरून झटकलं, जणू काही पानं आत अडकून राहिली असावीत. मीही पाचवीत नेमकं हेच केलं होतं.

"काका," ती म्हणाली, "याचा दुसरा भाग आहे तुमच्याकडे?"

माझं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. मी 'आहे' म्हणालो आणि आणून देतो असंही म्हणालो. आजींनी ट्रे टेबलावर ठेवायला सांगितला.

आता दुसरा भाग शोधायचा, आणि सगळी पुस्तकं उलटी. पण माझ्या दुसऱ्या भागाच्या पानांच्या कडेवर लहानपणी निळी शाई सांडली होती, तेवढ्या डागाच्या भरवशावर मी खोल्याखोल्यांतून निघालो. पहिल्या खोलीत मी दार वाजवताच आतल्यांनी माझ्याकडे टॉवेल मागितला. दुसऱ्या खोलीतल्या बाईंनी गिझर दाखवला. मी पुस्तक शोधतोय म्हणालो, तर त्या म्हणाल्या, आम्ही भजी सांगितली होती. तिसऱ्या खोलीत एक गृहस्थ वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून लॅपटॉपसमोर मीटिंग करत बसले होते. लॅपटॉप माझ्या पुस्तकांच्या चवडीवर ठेवलेला आणि सगळ्यात खालच्या पुस्तकाला निळा डाग.

मी खुणेनं पुस्तक मागितलं. त्यांनी खुणेनं मला बाहेर जायला सांगितलं. मी पुन्हा खुणा केल्या. शेवटी तो पोरगा इतका वेळ पाण्यात आहे हे माझ्या मनात आलं आणि मी पुस्तक खालून ओढलं. चवड कलली, लॅपटॉप घसरला, आणि त्यांच्या ऑफिसला आधी बर्म्युडा, मग छत आणि मग मी दिसलो. पलीकडून कुणीतरी हे कोण असं विचारलं.

"हॉटेलचा माणूस," ते गृहस्थ म्हणाले.

मी ते गिळून शेवटच्या खोलीत गेलो. मुलीनं पुस्तक हातातून जवळजवळ ओढून घेतलं आणि तिथंच उघडलं. अशा वेळी थोडी पार्श्वभूमी सांगावी म्हणून मी दारात उभं राहून मामा, रद्दीचे ट्रक, लगदा, पाचवी ते सातवी असं सगळं सविस्तर सांगायला लागलो. आजी चहा पीत होत्या. मुलीनं वर बघितलं.

"काका, जरा नंतर सांगाल का? तो आत्ता फळकुटावरून पडतोय."

संध्याकाळभर मी साईनाथच्या मागं लागून पुस्तकं सरळ लावून घेतली. त्यानं पुष्कळ कुरकुर केली आणि दोन खोल्या बदामीच ठेवल्या. रविवारी सकाळी पाहुणे निघाले तेव्हा मुलीचा दुसरा भाग अर्धा वाचायचा राहिला होता. गाडीचं दार उघडं, ती पायरीवर बसून वाचतेय आणि आजी वेणी ओढतायत. शेवटी तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्यापुढं धरलं. रडली नाही, पण पानांच्या मध्ये बोट तसंच ठेवलं होतं.

"ने गं," मी म्हणालो. "पहिलाही ने."

हे मीच म्हणालो हे मला हर्षलाचा चेहरा बघून कळलं. शेंगा पाखडायचं सूप तिच्या हातात तसंच राहिलं होतं. परतीच्या वाटेवर स्कूटरवर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ती मागची कडी धरते. पुस्तकं मी पळसदरीलाच राहू दिली, आणि हा निर्णय माझाच आहे असं ती आता सगळ्यांना सांगते.

चारेक दिवसांनी साईनाथनं त्या आजींनी लिहिलेला अभिप्राय पाठवला. हर्षलानं तो मोठ्यानं वाचला. खोल्या स्वच्छ, मालक प्रेमळ, नातीला वाचनाची गोडी लागली, चहा देणारे काका फार बोलतात, पण चहा अप्रतिम.

मी संतापलो. मी तिथला जावई आहे, पुस्तकं माझी आहेत, गोडी मी लावली, आणि ज्याचं कौतुक झालं तो चहा सासूबाईंनी केलेला. हे सगळं खाली सविस्तर लिहून टाकायला मी फोन हातात घेतला.

हर्षलानं तो काढून घेतला. "राहू द्या हो," ती म्हणाली. "चहा तरी तुमच्या नावावर असू दे."