वारा सरेपर्यंत

आमच्या सावली गावचे उद्धवभाऊ भर दवाखान्यात, लेकीसुनांदेखत, पेशंटला खणखणीत आवाजात विचारायचे, "काऊन बाप्पा, वारा सरला का?"

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी जागी होऊन वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम असे. सोयरे मात्र मऊ काळजाचे, गुपचूप चमचाभर पाजायचे. म्हणून गावात कोणाच्याही पोटावर चाकू चालणार असं कानावर आलं, की भाऊ धानाची रोवणी अर्धी टाकून, वळकटी घेऊन पहाऱ्याला ब्रह्मपुरीच्या दवाखान्याची बस धरत. बोलावणं लागत नसे.

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हाही ते हजर. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, तेवढीच माया. तहानेनं मी रडकुंडीला आलो, तेव्हा आईनं पदराआड गिलास आणला. भाऊंनी तो हिसकावला आणि माझ्या डोळ्यांदेखत घटाघटा पिऊन टाकला. वर आईलाच झापलं, "बाई, पोट्ट्याले मारता का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मले शिव्या दे. शिव्यायनं टाके तुटत नाई."

मी दिल्या. पोटभर दिल्या.

दुसऱ्या दिवशी वारा सरला. मॅट्रिकचा निकाल लागावा तसे भाऊ व्हरांडाभर ओरडत सुटले, "पास झाला, पास झाला!" मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

संध्याकाळी मामा मुक्कामाला आले. रात्री पेशंटजवळ एकालाच राहू देत. मी म्हणालो, "भाऊ, आता घरी जाऊन आराम करा." ते वळकटी बांधायला बसले, पण गाठ काही जमेना. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुली आपापल्या घरी.

"इथी कसं, कोनी पाणी तरी मागते," ते म्हणाले. "घरी कोनी काईच मागत नाई."

 

तेवढ्यात बाजूच्या खाटेवर ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्याला आणून निजवलं. दूर जंगलातल्या गावचा, गुंगीत गोंडीत काही पुटपुटत होता. त्याला आणणारे शेवटच्या बसनं परतले होते.

"याच्यासोबत कोण आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

भाऊंनी वळकटी त्या खाटेखाली सरकवली. "मी आहो ना."

"कोण लागता तुम्ही यांचे?"

भाऊंनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

"माहा मोठा भाऊ आहे."