जावयाचा ओला पायजमा

रात्रीची खाज दिवसा कुठे जाते, हे कोडं मला काही केल्या सुटत नाही. दिवसभर आमच्या चाचाक गावच्या नगरपालिकेत मी चारचौघांसारखा बसतो. पण रात्री पाठ टेकली, की गुडघ्यामागे, कोपरात, मानेवर झाली सुरुवात! एक्झिमा म्हणतात त्याला. (माझ्या खरखर खाजवण्याला बायको 'तुझी करवत' म्हणते.) शेवटी दुब्रावकानं, म्हणजे बायकोनंच, बॅग काढून दारापाशी ठेवली.

"रातोमीर, या आठवड्यात मला झोप मिळाली नाही, तर मी बहिणीकडे निघाले. तिचा नवरा डोकं खातो, पण निदान दिवसा!"

मी मुकाट्यानं डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"अंथरुणाच्या उबेनं खाज चाळवते," त्या म्हणाल्या, "आणि रात्री मनाला दुसरा उद्योग नसतो. कोमट पाण्यानं अंघोळ करा, मलम लावा, त्यावर ओलसर सुती पायजमा-सदरा, वरून कोरडा. लोकर नको, ऊब नको, खिडकी उघडी."

"ओले कपडे घालून झोपायचं? इथं, चाचाकमध्ये? लोक वाऱ्याच्या झुळकेलाही घाबरतात!"

डॉक्टरीणबाईही इथल्याच. त्यांनी आवाज खाली आणला. "घरात सासू असेल, तर सांगू नका."

सासू घरातच होती! देसांकाबाई दर सप्टेंबरात वर्षभराच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला आमच्याकडे येतात. माणूस लढाईतून वाचेल, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या तर त्या वाऱ्यानं मरेल, असं त्यांचं ठाम मत. (सासरे नव्वदीत गेले. ओल्या केसांनी बाहेर पडले म्हणून!)

मग मी न्हाणीघरात चोरून पायजमा भिजवला, चोरून घातला. आणि काय सांगू, दोन रात्री मेल्यासारखा झोपलो! दुब्रावकाही झोपली. सकाळी पायजम्याचं मलम धुऊन तो बाल्कनीत वाळत घातला आणि ऑफिसला गेलो. तिथंच माती खाल्ली.

तिसऱ्या संध्याकाळी माझ्यापुढचं सूप गायब. बिअरही गायब.

"दिवस मावळल्यावर पातळ काही नाही," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "होतं असं, बाळा. लाजू नकोस."

"काय होतं?"

"रोज सकाळी पायजमा धुतोस, मी काय आंधळी आहे? मूत्राशयाला गारठा बसलाय तुझ्या."

दुब्रावका खोकल्याचं निमित्त करून आत पळाली. खरं सांगावं, तर ओल्या कपड्यांचं बिंग फुटणार. मी मान डोलावली. सासूबाईंनी खिडकी लावली, माझ्या कमरेला लोकरीचा पट्टा बांधला, अंगाखाली मेंढीचं कातडं घातलं, पायाशी तापवलेली वीट ठेवली. मग काय विचारता! उजाडलं तेव्हा दुब्रावका बॅगेत कपडे भरत होती.

मी तसाच जिना उतरून धावलो. अंगणात सासूबाई शेजारणींबरोबर मिरच्या भाजत होत्या. "बिचारा! अजून पन्नाशीही नाही," त्या सांगत होत्या.

"मला एक्झिमा आहे!" मी बाह्या वर करून ओरडलो. "पायजमा मी नळाखाली भिजवतो! मुद्दाम! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मिरच्या करपायला लागल्या. सासूबाईंनी जवळ येऊन माझं कोपर पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अरे देवा, एवढं ओरबाडलंयस! आणि मी मेलीनं वर लोकर बांधली?" त्यांनी डोळे पुसले. "भिजव बाबा. खिडकीही उघड. पण डोक्याला टोपी घाल."

त्या रात्री मी टोपी घालून झोपलो. दुब्रावका इतकी झोपली, की न्याहारीलाही उठेना. बॅग कपाटावर गेली. मला तिचा घोरण्याचा आवाजसुद्धा गोड वाटला.

आता लपवायचं काय? मी ताठ मानेनं बाल्कनीत पायजमा वाळत घातला. खालच्या बाल्कनीतून मिलादिनकाकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हाक मारली.

"रातोमीर, एक्झिमाची सबब! मानलं बुवा तुला! मी इतकी वर्षं बायकोला 'पलंगाजवळचा गरम पाण्याचा रेडिएटर गळतो' म्हणून सांगतोय. त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दे ना."