आधी आंगडें पाहा

रस्त्यात एखादे मूल भोकाड पसरून बसले की सगळे त्याच्या आईकडे पाहतात. येसूअक्का त्याची कॉलर उलटून पाहतात. मूल कोणाचे, ओळख आहे की नाही, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. एकदा कुंभकोणम्‌च्या बसस्टँडवर त्यांनी एका परक्या पोरीच्या फ्रॉकचे मानेवरचे लेबल कात्रीने कापून टाकले. पोरगी गप्प झाली आणि तिची आई ओरडू लागली. "ह्या आईची कॉलर मला उलटून पाहतां नाही यायची," अक्का मला तिच्यासमोरच म्हणाल्या.

अक्का आमच्या शेजारी राहतात. इथल्या, म्हणजे तमिळ मुलखातल्या, जुन्या मराठी घरांपैकीच त्यांचे एक. चाळीस वर्षे लहान मुलांचे कपडे शिवताहेत. बाहेर तमिळ बोलतात, घरात आमची जुनी मराठी, भांडताना दोन्ही. त्यांचे शास्त्र एका दमात सांगून होते: "लेंकराचें कोवम डोक्यांत नसतें, आंगड्यांत असतें. आधी आंगडें पाहा." कोवम म्हणजे राग. इलॅस्टिक रुतते, बटण टोचते, मोज्याची शिवण बोटाखाली येते. मुलाला ते सांगता येत नाही, मग ते भावाला चावते.

मी दुसरीची टीचर. मुलांना राग आवरायला कसे शिकवावे, याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली. खोल श्वास घ्या, दहा आकडे मोजा वगैरे. अक्कांचे शास्त्र ऐकून मी गालात हसायची.

मग माझ्या वर्गात मीना आली. आमच्यातलीच, गोड पोर. पण गणिताच्या तासाला अशी भडकायची की वही फाडायची आणि शेजारणीला बोचकारायची. आणखी एकदा असे झाले तर शाळेतून नाव काढू, असे हेडमिस्ट्रेसनी तिच्या आईला बोलावून सांगितले. मीना दहापर्यंत मोजायची आणि अकराला बोचकारायची. शेवटी मीच तिला अक्कांकडे घेऊन गेले.

अक्कांनी तिचा गणवेश शिवणीशिवणीने तपासला. काही म्हणजे काही सापडले नाही. त्यांचा चेहरा उतरला आणि मला जरा बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

पण अक्का हार मानणाऱ्या नव्हेत. त्यांनी डब्यातून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढून मीनाला दिला. "कोवम येतें ना, तें आधी कोठें तापतें? तेथें रेघ मार. बोचकारायच्या आधी हं."

दोन दिवस वही शाबूत राहिली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी अक्कांच्या ओसरीवर बसलो. मीनाच्या उजव्या खांद्यावर निळ्या रेघाच रेघा होत्या. बाकी गणवेश स्वच्छ.

"येथें काय होतें?" अक्कांनी विचारले.

मीनाने माझ्याकडे बोट केले. "टीचर मागून येऊन येथें हात ठेवतात. मग मला बेरीज सुचत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी मीनाला समोर उभी राहून गणित सांगू लागले. तिचे नाव अजून पटावर आहे. पण त्या संध्याकाळी, मीना घरी गेल्यावर, मी चांगलीच फणफणले. मी काय तिला मारते? मायेने खांद्यावर हात ठेवते, धीर देते!

"मायेनेंच तें," अक्का म्हणाल्या. "मी काय द्वेषानें शिवली होती?"

"काय?"

"सरसूची पावाडै." सरसू ही त्यांची मुलगी, पावाडै म्हणजे परकर. "सहा वर्षांची होती. रेशमी पावाडै शिवून तिला तिरुवलंचुळीला नेलें. तेथें गणपतीच्या देवळांत पिळ्ळैयारासमोर लोळण घेतली तिनें. काढ, काढ म्हणून ओरडली. अस्के लोक, देवळांतले सारे, पाहात होते. मी मारलें तिला. दोनदां. घरीं येऊन सोडून पाहतें तर कमरपट्टींत टाचणी. मीच विसरलेली."

सरसू आता तिरुच्चीला असते, तिलाच दोन मुले आहेत.

"तिला सांगितलेत कधी?" मी विचारले.

"तिला आठवत नाही म्हणते." अक्कांनी मांडीवरचा शिवायला घेतलेला परकर सरळ केला. "दर दीपावळीला येते, तेव्हां विचारतें."