कळी धरायची की नाही

झ्लातिनाने ऑर्किडची फुलं पुन्हा एकदा मोजली आणि ती कात्री आणायला उठली.

"सहा आहेत, राडको! आईच्या वाढदिवसाला सम फुलं? सम फुलं मयताला नेतात. तिला सुचवायचंय तरी काय तुला?"

"कळी धर ना. सात होतात."

"कळीला कुणी फूल म्हणतं का? आणि आई मोजायला लागली की ऐकते कुणाचं?"

राडको कुंडीसमोर आडवा उभा राहिला. हे ऑर्किड मुळात सासूबाईंचंच. नेद्याल्काबाईंनी ते कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवलं होतं आणि जावई उचलायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मेलंय ते. हा जगवणार म्हणे!"

राडकोने ते जगवलं. कुंडी पावसाच्या पाण्यात बुडवली की वाळकी, चंदेरी मुळं बघता बघता हिरवी होत. दर वेळी तो हाक मारायचा. "झ्लातिना, ये ना, पितंय बघ!" यंदा पानांमधून दांडी निघाली, आणि एका सकाळी पहिलं पांढरं फूल उमललं तेव्हा हा दात घासायचा ब्रश हातात धरून बराच वेळ नुसता उभा होता. आज सासूबाईंच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायचा, एवढीच त्याची इच्छा होती.

कात्री चालली. पाच उरली. तोडलेलं फूल राडकोने हळूच रुमालात ठेवलं.

लिफ्टचं दार मिटलं ते नेमकं एका फुलावर.

"चार!" झ्लातिना ओरडली. "काढ अजून एक."

"मी नाही काढणार."

"मग आईला चार देणार?"

त्याने डोळे मिटून एक खुडलं आणि दारात तुटलेल्या फुलासकट रुमालात ठेवलं. ट्रॉलीबसमध्ये शेजारच्या आजोबांच्या पिशवीतून कांद्याची लांबलचक पात बाहेर डोकावत होती. ब्रेक लागला आणि पातीने आणखी एक फूल उडवलं.

"माफ करा हं," आजोबा म्हणाले. "अजून दोन आहेत की."

"तीच तर पंचाईत आहे!" राडको जवळजवळ रडकुंडीला आला. उडालेलं फूल आणि खुडलेलं आणखी एक, दोन्ही रुमालात गेली.

नेद्याल्काबाईंच्या दारात तो पोचला तेव्हा दांडीवर एकच फूल होतं आणि टोकाला ती कळी. बाईंनी कुंडी निरखली. "एवढ्या लांब दांडीला एकच?" म्हणत त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि चीज भरलेली गरम बानित्सा वाढायला घेतली.

खोली उबदार होती. जेवण संपत आलं तेव्हा झ्लातिनाने त्याला टेबलाखालून लाथ मारली. कळीला चीर पडली होती. एक पाकळी सुटली, थरथरली, मग दुसरी. झ्लातिना पाव घ्यायच्या निमित्ताने कुंडीच्या आड आली.

"बाजूला हो गं," नेद्याल्काबाई म्हणाल्या. "मला दिसत नाहीये."

तिघंही बघत राहिले. चहा निवला. फूल पुरतं उघडलं आणि त्याच्या पोटातली पिवळी जीभ दिसली, तेव्हा बाईंनी हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

"हे... माझंच का ते? मी टाकलेलं?"

"हो, आई," राडको पुटपुटला. "पण दोन झाली. माफ करा."

"दोन काय?"

"फुलं. सम."

"अरे वेड्या, मोजायची ती तोडलेली! जिवंत झाडाची फुलं कुणी मोजतं का?"

राडकोने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. नेद्याल्काबाईंनी एकेका फुलावर बोट ठेवलं.

"पाच," त्या म्हणाल्या. "हां, ही चालतील." आणि त्यांनी ती राकिया दारूच्या पेल्यात पाणी घालून सजवली.

निघताना त्यांनी कुंडी परत राडकोच्या हातात दिली.

"तूच ने. माझ्या हातून ते मेलं होतं. पुन्हा फुललं की आण." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू, तेव्हा कात्री घरी ठेवून ये."