तपासणी दोन्ही बाजूंनी

आमच्या सिद्रामप्पा अण्णांबरोबर मॉलमध्ये जाऊ नये. मी तीनदा गेलो आहे आणि तिन्ही वेळा माझी निम्मी संध्याकाळ दारातच गेली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला कल्पना नव्हती. सोलापुरातला सात रस्त्याजवळचा मॉल. दारात गणवेशातला वॉचमन, हातात ते पीं पीं करणारं यंत्र. त्यानं ते माझ्या पोटावरून फिरवलं, तिथं ते गरजेपेक्षा जरा जास्त रेंगाळलं, आणि मला सोडलं. मागून अण्णा. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्याला कापडी पिशवी. वॉचमन म्हणाला, "पिशवी दाखवा."

अण्णांनी दाखवली. छत्री, चष्म्याचं घर, कागदात गुंडाळलेली कडक भाकरी. वॉचमननं मान हलवली. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत.

"आता तुमची."

"माझी काय?"

"पिशवी. ती काय खुर्चीखाली. मी तुमाला वळखत न्हाय, तुमी मला वळखत न्हाय. दोगं सारखेच. मग तपासणी दोन्ही बाजूंनी पायजे की."

आमच्या मागं रांग साठायला लागली. मी छताकडे असा बघत राहिलो, जणू ते मीच बांधलंय आणि त्यात काही चूक राहिली का ते पाहतोय. शेवटी बिचाऱ्यानं कंटाळून पिशवी काढली. पिशवीत डबा होता. अण्णांनी तो उघडायला लावला. भात आणि लोणचं.

"कालवण कुटंय?"

"आज नाही. मंडळी टेंभुर्णीला गेलीय, माहेरी."

अण्णांनी डब्याकडे बराच वेळ पाहिलं, "बरं" म्हणाले आणि आत शिरले. आम्ही काय घ्यायला आलो होतो ते तोवर मी विसरलो होतो.

अण्णा आमच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर राहतात. प्लॉट मुळात त्यांचाच, म्हणून बिल्डरकडून त्यांना खालचा फ्लॅट आणि मागची एक खोली मिळाली. मूळ गाव वळसंग. घरात कन्नड, दारात मराठी. चाळीस वर्षं भुसार मालाचं दुकान चालवलं, मग बंद केलं. काकू जाऊन सात-आठ वर्षं झाली, मुलगी हुबळीला दिलेली. भेटेल त्याला ते पहिला प्रश्न कन्नडमध्ये विचारतात, "ऊटा आतेन्री?" म्हणजे, जेवण झालं का. पोस्टमन असो, पुढारी असो, लिफ्ट दुरुस्त करणारा असो. उत्तर आल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत.

दुसरं म्हणजे सरकार. अण्णांच्या मते सरकारनं चोर धरावा, रस्ता करावा आणि घरी जावं. आपल्याबद्दल जास्त माहिती विचारणाऱ्या कुठल्याही कागदाला ते विचारतात, "कोण विचारतंय? कशापायी?" आमची मुलगी पुण्यात राज्यशास्त्र शिकते. ती एकदा म्हणाली, "बाबा, अण्णा लिबर्टेरियन आहेत." मी ते अण्णांना सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"त्ये कुटल्या गावचं? आमी तर वळसंगचं."

आता त्या मागच्या खोलीविषयी. दर दिवाळीनंतर तिथं रशीदभाई येतात. काश्मीरचे. पन्नाशीचे, दाढीत मीठ जास्त आणि मिरी कमी. चार महिने सोलापुरात दारोदार शाली विकतात. चादरींच्या गावात, जिथं कडाक्याची थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर, तिथं शाली विकणारा माणूस मुळातच धाडसी. पोलीस चौकीत आपले कागद ते दरवर्षी न सांगता देऊन येतात. यावरून अण्णांचं आणि त्यांचं दरवर्षी एक भांडण ठरलेलं. "तू आपनहून का जातोस?" असं अण्णा म्हणतात. रशीदभाई म्हणतात, "अण्णा, उसूल आप सँभालो, कागज मैं सँभालता हूँ."

एका हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका बाजारात स्फोट झाला. माणसं गेली. टीव्हीवर तीच तीच चित्रं. मी दोन दिवस कुकरच्या शिट्टीला दचकत होतो. त्या संध्याकाळी अण्णा पायरीवर बसले होते, नेहमीसारखे वाद न घालता. मला एवढंच म्हणाले, "भाजी घ्यायला गेलेली माणसं वो. काय केलं हुतं त्यांनी कुनाचं."

तिसऱ्या दिवशी आमच्या चेअरमननी, माने साहेबांनी, मीटिंग बोलावली. माने साहेब निवृत्त अधिकारी. निवृत्त झाले, पण अधिकारी राहिले. मी सोसायटीचा सेक्रेटरी. कसा झालो म्हणाल, तर एका मीटिंगला उशिरा पोचलो, तेव्हा झालेलो होतो. ठराव माझ्याच अक्षरात होता. गेटवर कॅमेरा बसवणे, आणि मागच्या खोलीतील परप्रांतीय इसमास आठ दिवसांत खोली रिकामी करावयास लावणे. खाली अण्णा सोडून सगळ्यांच्या सह्या, मीटिंगच्या आधीच घेतलेल्या. पहिली माझी. ती सवयीनं झाली असं मी घरी सांगितलं, माझ्या बायकोनं, मंगलनं, ते ऐकून घेतलं आणि चहा ठेवला नाही.

मीटिंगमध्ये मी ठराव वाचला. 'आठ दिवसांत' इथं माझा आवाज इतका बारीक झाला की माने साहेबांनी तेवढं स्वतः मोठ्यानं म्हटलं.

अण्णा म्हणाले, "सही करताना वाचलं कुनी कुनी?"

सगळ्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"भ्यालेलं गिऱ्हाईक माल बघत न्हाय, माने साहेब. चाळीस वर्षं दुकानात बघितलंय. दुष्काळ येणार अशी नुसती आवई उठली, की लोकं किडकी ज्वारीबी डोळं मिटून उचलायची. भीती गेल्यावर घरी पोतं उघडायचं, मग बोंबलायची."

"अण्णा, हा ज्वारीचा प्रश्न नाही. सुरक्षेचा आहे."

"व्हय की. मग ज्यानं ठेवला बॉम्ब, त्याला धरा. पाताळात गेला तर पाताळातनं काढा, लई शिक्षा द्या. मी कवा नको म्हनलं? पन त्यानं ठेवला म्हनून ह्यानं का खोली सोडायची? गुन्हा माणूस करतो, मुलूख करत न्हाय."

"म्हणजे आपण काहीच करायचं नाही?"

"त्या बॉम्बवाल्याला काय पायजे हाय? आपन एकमेकाच्या तोंडावर दार लावावं, हेच की. त्याचं काम आपन फुकट का करायचं? आनि एक सांगतो. विकायला आलेला माणूस गिऱ्हाईक जगावं म्हनून देवाला हात जोडत असतो. मेलेलं गिऱ्हाईक पुढच्या साली येत न्हाय."

रशीदभाईंना जायला सांगितलं तर आपणही फ्लॅट विकून हुबळीला जाऊ, असंही ते म्हणाले. सोसायटीत अशा धमक्या सगळेच देतात, पण अण्णांनी तो शब्द कधी काढला नव्हता. वर्षाला दोन दिवस हुबळीला गेले तरी तिसऱ्या दिवशी परत येणारा हा माणूस.

माने साहेबांनी शेवटचा बाण काढला. "त्याच्या गाठोड्यात काय आहे, कुणी उघडून पाहिलंय का?"

अण्णांचे डोळे चमकले. "बघा की. पन आदी त्याला विचारतो. गाठोडं त्याचं हाय, माजं न्हाय. आनि अट एकच."

"दोन्ही बाजूंनी," असं आम्ही सगळेच म्हणालो.

रशीदभाईंना विचारलं. त्यांनी फक्त एक चौकशी केली, "कितने घर के लोग आएँगे?"

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तपासणी भरली. समितीत माने साहेब, मी, आणि महिला प्रतिनिधी म्हणून मंगल. रशीदभाईंनी सतरंजी अंथरली, गाठोडं सोडलं. माने साहेबांनी वरच्या शालीला पेनानं टोचून पाहिलं.

मंगल म्हणाली, "पेनानं काय कळणार, साहेब? उलगडून बघायला पाहिजे."

ती उलगडली. मोरपंखी, काठाला बारीक कशिदा. मंगलनं ती उजेडात धरली, मागून पाहिली, खांद्यावर घेऊन पाहिली. तोवर माने वहिनी जिन्यावरून उतरल्या होत्या. "ती खालची निळी तपासलीत का?" त्यांनी विचारलं. नव्हती तपासली. तपासली. मग दुसऱ्या मजल्याच्या, मग तिसऱ्याच्या. इतकी कसून तपासणी या शहरात कुठल्याही खात्यानं केली नसेल. एकही घडी सुटली नाही. दोन तासांनी गाठोडं निम्मं झालं होतं आणि निम्मी शंका जिन्यानं वर गेली होती. माने साहेबांच्या गळ्यात एक मफलर होता. तो तिथं कसा आला हे त्यांनाही सांगता येईना. घामानं ते भिजले होते, पण काढत नव्हते.

"आता ह्याची पाळी," अण्णा म्हणाले.

रशीदभाई म्हणाले, "रहने दो अण्णा."

"का राहू दे? हक्क हाय तुजा."

म्हणून रशीदभाई आमच्या दाराशी आले, उंबऱ्याबाहेरच थांबले. मी नियमाप्रमाणे माझी ऑफिसची बॅग उघडून धरली आणि धरल्यावर मला आठवलं. आत बालुशाहीचा पुडा होता. डॉक्टरांनी बंद केलेली बालुशाही. रशीदभाईंनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॅगची चेन हळूच लावली.

"सब ठीक है, सेक्रेटरी साहब."

"ठीक कसं?" मागून मंगल म्हणाली. पुढचं इथं सांगण्यासारखं नाही.

माने साहेबांच्या घरी काय सापडलं ते रशीदभाईंनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण आधी माने साहेब त्यांना 'तो इसम' म्हणायचे, त्या दिवसापासून 'रशीदभाई' म्हणतात.

ठराव कुणी मागं घेतला नाही, नुसता पुन्हा कुणी काढला नाही. सोसायटीत ठराव असेच वारतात. कॅमेरा मात्र बसला. गेट सगळ्यांचं, सगळ्यांना पाहिजे तर बसवा, पण माझ्या दाराकडं त्याचं तोंड नको, एवढंच अण्णा म्हणाले. जाता-येता ते त्याच्यापुढं थांबतात आणि वर बघून विचारतात, "ऊटा आतेन्री?"

होळी झाली, उन्हं तापली आणि रशीदभाई गावी गेले. अण्णा स्टेशनवर पोचवायला गेले होते. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी बल्ब आणायला त्याच मॉलमध्ये गेलो. दारात तोच वॉचमन. त्याच्या खुर्चीशेजारी एक स्टूल, स्टुलावर ओळखीची कापडी पिशवी.

"अण्णा इथं कुठं?" मी विचारलं.

"हात धुवायला गेलेत." वॉचमननं आपल्या डब्याचं झाकण लावलं. "रोज येतात की दुपारी एक वाजता. पिशवी दाखवतात, माझा डबा बघतात, मग इथंच बसून त्यांची भाकरी खातात. मला शेंगाचटणी आणतात. माझी मंडळी गावाला असली की कालवण पण आणतात."

"आणि मग आत जातात?"

"आत कशाला? आत काय घ्यायचं नसतंच त्यांना." त्यानं डबा खुर्चीखाली सरकवला. "थंडीत तेवढे येत नाहीत. दिवाळी झाली की बंद. होळी झाली की परत सुरू."

मी बोटांवर महिने मोजले. मोजायची तशी गरज नव्हती.

अण्णा पंचानं हात पुसत आले. मला पाहून ते चपापले, पण क्षणभरच. आम्ही दोघं चालत घरी निघालो. बल्ब राहिलाच. सिग्नलपाशी मी म्हणालो, "अण्णा, त्या ठरावाच्या वेळी तुम्ही तत्त्वासाठी भांडलात ना?"

"व्हय की. तत्त्वासाठीच." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पन तत्त्व काय ताटाला ताट लावून बसत न्हाय वो."

ज्या कागदावर माझी पहिली सही होती, त्यात फक्त मागची एक खोली रिकामी व्हायची होती असं मी समजत होतो.

पुढच्या रविवारी दुपारी मी मंगलला डबा भरून मागितला. कशाला, असं तिनं विचारलं नाही. खाली गेलो. अण्णांचं दार उघडंच होतं, नेहमीसारखं. मी उंबऱ्यावर उभं राहून माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, "ऊटा आतेन्री?"

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "अजून न्हाय. त्यात काय हाय?"

"तपासा."

त्यांनी डब्याचा एकेक कप्पा काढला. पोळ्या, भात, डाळवांगं. डाळवांग्याकडे त्यांनी, त्या पहिल्या भेटीत वॉचमनच्या भाताकडे पाहिलं होतं तेवढाच वेळ पाहिलं.

"कालवन हाय म्हना की," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "थांबा. माजंबी बघायला पायजे तुमाला."

आणि ते आत दुसरं ताट आणायला गेले.