सत्तरपैकी सत्तर

डॉक्टरांनी सकाळीच जाहीर केलं, की आज जेवणाच्या खोलीत कोणी बोलायचं नाही, हसायचं नाही आणि शक्यतो श्वासही बाहेरच्या खोलीत जाऊन घ्यायचा. घरात माणसं दोन. त्यातले एक स्वतः डॉक्टर. त्यामुळे हा हुकूम कोणासाठी आहे, हे बायकोला विचारावं लागलं नाही.

"आणि शिंक आली तर?"

"येणार नाही."

"तिला कळवलंय का तसं?"

डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद केला तेव्हा दिवा, भिंग, हातमोजे आणि जिथे तिथे कीड शोधायची सवय, एवढं सगळं ते घरी घेऊन आले. आता ही शस्त्रं नाण्यांवर चालत. साधी नाणी नव्हेत, प्रूफ नाणी. टांकसाळीत बाजारासाठी नव्हे, तर डॉक्टरांसारख्या माणसांसाठी, चकचकीत केलेल्या ठशांनी मुद्दाम दोनदा ठोकून काढलेली. चित्रामागचा सपाट भाग आरशासारखा, वरचं चित्र दुधी. अशा नाण्यांना परीक्षक सत्तरपैकी गुण देतात. सत्तर म्हणजे निर्दोष. एकोणसत्तर म्हणजे, डॉक्टरांच्या मते, नापास.

"शाळेत तुम्हाला कधी सत्तर पडले होते?" बायको विचारायची.

"तेव्हा शंभरपैकी असायचे," असं म्हणून डॉक्टर विषय संपवायचे.

कपाटातली बाकी सगळी नाणी सत्तरची होती. राहिलं होतं एकच, सर्वांत पहिलं, लग्नाच्या वर्षीचं. त्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टर पंखा आणायला म्हणून बाजारात गेले आणि खिशात हे नाणं घेऊन परत आले. बायकोनं आधी नाण्याकडे पाहिलं, मग छताच्या रिकाम्या हुकाकडे.

"छान आहे," ती म्हणाली. "कुठल्या बटणावर फिरतं?"

तो उन्हाळा दोघांनी पुठ्ठ्यावर काढला. चपलांच्या खोक्याचं झाकण घेऊन एकमेकांना आळीपाळीनं वारा घालायचा. झाकण सत्तर वेळा हलवलं की पाळी संपली, कारण सत्तरच्या पुढे काही नसतंच, हे डॉक्टरांचं तेव्हापासूनचं मत. बायको प्रामाणिकपणे सत्तर मोजून झाकण त्यांच्या हातात द्यायची. डॉक्टर मात्र मोजण्यात कच्चे. एकोणसत्तरपर्यंत आले की पुन्हा साठावर घसरायचे, आणि तोवर ती झोपलेली असायची.

खोली लहान होती, वरचा पत्रा तापायचा, आणि डॉक्टर तेव्हा भरपूर हसायचे. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून त्याला विनोद सांगायचा आणि तो बिचारा हसू शकत नाही म्हणून त्याच्या वाटचंही आपणच हसायचं, असा माणूस. पुढे पंखा आला. मग एकेक नाणं येत गेलं आणि हसणं कमी होत गेलं. हसताना थुंकीचा बारीकसा थेंब उडतो. असल्या नाण्यावर तो पडला की आज ना उद्या डाग उमटतोच. बायकोला त्या हसण्याची फार आठवण यायची. पण नाण्यांपुढे बोलायचीही बंदी, मग सांगणार कधी?

तर त्या पहिल्या नाण्याचं जुनं प्लास्टिकचं पाकीट आता चिकट होऊ लागलं होतं. परीक्षकांकडे पाठवायचं तर नाणं नव्या डबीत घालणं भाग होतं, आणि तेवढा वेळ ते उघड्यावर येणार होतं. म्हणून धूळ उडू नये यासाठी पंखा बंद, खिडक्या बंद, दारावरच्या बेलची वायर काढलेली आणि दोघांचे फोन आतल्या खोलीत गादीखाली. दोघांच्या तोंडाला मास्क. बायकोच्या हातात उघडी डबी.

"पंखा नव्हता तेव्हा बरं होतं," ती मास्कमधून पुटपुटली. "खिडकी तरी उघडी असायची."

डॉक्टरांनी डोळे वटारले, पाकीट कापलं आणि नाणं कडेला दोन बोटांत धरून अलगद बाहेर काढलं. नेमकी त्याच वेळी परगावी असलेल्या लेकीला आईची आठवण झाली. आईचा फोन गादीखाली वाजला, मग बाबांचा वाजला. घाबरून तिनं खालच्या मजल्यावरच्या वकिलांना फोन लावला. वकील धावत वर आले, बेल वाजेना म्हणून दोन्ही हातांनी दार बडवू लागले. बायको लगबगीनं गेली आणि ओठांवर बोट ठेवून तिनं दार उघडलं.

वकिलांनी आत पाहिलं. दिवा, मास्क, हातमोजे, टेबलावर वाकलेले डॉक्टर. त्यांचा चेहराच पडला.

"वहिनी, पेशंट कोण?" ते कुजबुजले.

तिनं टेबलाकडे बोट दाखवलं.

"वय काय?"

"आमच्या लग्नाएवढं."

"अरेरे! काही आशा?"

"डबीत गेला की सुटलो," ती म्हणाली. वकिलांनी मुकाट्यानं चपला काढल्या आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले.

पण ती धावपळ आणि तो उकाडा बायकोला सोसला नाही. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खुर्चीत बसली. डबी हातातून घरंगळून कुठल्या कुठे गेली. डॉक्टर ताडकन उठले. उजव्या हातात नाणं, ते ठेवायला जागा नाही. डाव्या हातानं त्यांनी मास्क ओढून काढला.

"वकीलसाहेब, पाणी! पंखा लावा! खिडकी उघडा! उभे काय राहिलात?"

वकिलांनी दिसेल ते बटण दाबलं. दिवे लागले, मिक्सर गरगरला, बाथरूममधला गीझर सुरू झाला. पंखा तेवढा लागला नाही. शेवटी डॉक्टरांनी डबीच्या खोक्याचं झाकण उचललं आणि डाव्या हातानं ते बायकोला वारा घालू लागले. हाताबरोबर तोंडही आपोआप सुरू झालं. एक, दोन, तीन... वकील पाणी घेऊन आले, ती दोन घोट प्यायली, डोळे मिटून बसून राहिली. डॉक्टर थांबले नाहीत.

"सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, साठ..."

"अजून चुकताच," मिटल्या डोळ्यांनी ती म्हणाली.

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "चुकत नव्हतो गं. पाळी संपली असती ना. तुला झोप लागेपर्यंत मोजायचो."

"माहीत आहे मला. आणि मी तरी कुठे झोपायची? तुमचा हात दुखेल म्हणून डोळे मिटून पडायची. नाहीतर तुम्ही सकाळपर्यंत साठ-साठच करत बसला असता!"

म्हणजे तो अख्खा उन्हाळा हा माणूस खोटं मोजत होता, ही बाई खोटं झोपत होती, आणि दोघंही घामानं निथळत होते! डॉक्टर हसले. दवाखान्यात हसायचे तसे, तोंड उघडून, खांदे हलवून हसले. मग एकदम गप्प झाले आणि त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं.

नाण्याच्या कडेला एक थेंब बसला होता.

"एवढंच ना, पुसून देतो!" म्हणत वकिलांनी खिशातून रुमाल काढला.

"हात लावू नका!" दोघंही एकदम ओरडले. तेवढ्यात आणखी एखादा थेंब उडाला असेल, तर तो कोणाचा हे आता सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी रबरी फुग्यानं हवा मारून थेंब उडवला, डबी शोधली आणि नाणं परीक्षकांकडे पाठवून दिलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. परीक्षक भिंगातून बघतात.

दीड महिन्यानं नाणं परत आलं. बायको दुपारी खोलीत आली, तेव्हा डॉक्टर ते समोर ठेवून बसले होते. आयुष्यभराची हौस एका हसण्यापायी गेली, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"किती पडले?"

"एकोणसत्तर."

तिनं जाऊन पंखा बंद केला, खिडकी उघडली, कपाटावर ठेवलेलं डबीच्या खोक्याचं तेच झाकण काढून त्यांच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"एकोणसत्तर म्हणजे तुमची पाळी संपलेली नाही," ती म्हणाली. "हं, घाला वारा. साठापासून."

डोळे मात्र तिनं या खेपेला उघडेच ठेवले.