चार लिंबं गेली कुठं?

केशवराव मास्तरांनी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "पार्बता, यंदा अकोल्याले बदली झालीच समज! शाळा तपासाले येणारे डिपोटीसाहेब माह्या चौथीचं गणित पाहून थक्क नाही झाले, तं नाव सांगणार नाही!"

हिवरखेडात सात वर्षं काढून कंटाळलेल्या पार्बताबाईंनी लगेच शेजारणींचा निरोपसुद्धा घेऊन टाकला.

मास्तरांचा बेत पक्का होता. शंभर लिंबं चौघांत वाटली तर प्रत्येकाला किती? पंचवीस! आठ दिवस वर्गानं हे एकच गणित घोकलं. पोरं झोपेतही पंचवीस म्हणू लागली.

साहेब बैलांच्या दमणीतून उतरले, वर्गात आले. प्रश्न झाला, उत्तरही दणक्यात आलं.

"हे पाठ आहे," साहेब म्हणाले. "लिंबं आणा. वाटून दाखवा!"

मास्तरांना घाम फुटला. पण वर्गातल्या जयवंता या पोरीच्या घरचा लिंबांचाच मळा! टोपली आली, शंभर मोजून घेतली. जयवंतानं पदर खोचावा तसा परकर खोचला आणि दोन्ही हातांनी पाच-पाच लिंबं टाकत चार ढीग घातले.

साहेबांनी पहिला ढीग मोजला. चोवीस! दुसरा, तिसरा, चौथा. चोवीसच!

"मास्तर, चार लिंबं गेली कुठं?"

मास्तरांनी स्वतः मोजली. शहाण्णव. पुन्हा मोजली तर सत्त्याण्णव! मग साहेब खाली बसले, त्यांची पंच्याण्णव भरली. आता कोणाचं खरं?

"देवीदास, खिसे दाखव!" मास्तर समोरच बसलेल्या पोरावर ओरडले.

"मी काहून खाईन जी आंबट निंबू?" देवीदासनं भोकाड पसरलं. अकोला मास्तरांच्या डोळ्यांदेखत दूर जाऊ लागलं.

तेवढ्यात जयवंता म्हणाली, "त्याले काहून रडवता, गुरुजी? चार निंबू माह्या ओच्यात हायेत ना!"

"काहून घेतले?" मास्तरांनी विचारलं.

"पंचवीस झाले का त्यातलंच एक बाजूले ठेवा लागते. नाही तं किती ढीग झाले, हे ध्यानात कसं राहीन? बाजारात माय असंच मोजते!"

साहेबांचा चष्मा नाकावर घसरला. "म्हणजे बाजूला अशी सोळा लिंबं असली तर?"

"चारशे!" अख्खा वर्ग ओरडला. रडता रडता देवीदाससुद्धा!

साहेबांनी तिथंच शेरा लिहिला. मास्तर तो घेऊन धावतच घरी आले आणि मोठ्यानं वाचू लागले, "मुलांना डोक्यानं मोजायला शिकवणारा असा शिक्षक आम्ही पाहिला नाही. मास्तर थोर! सबब..."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"सबब काय?" पार्बताबाई.

"सबब, शाळेच्या हितासाठी यांस पुढील दहा वर्षे हिवरखेडातून हलवू नये."

पार्बताबाईंनी कपाळावर हात मारला. "घ्या! अजून शिकवा चांगलं!"